शेजारचा पाळणा

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. शहादा तालुक्यातील ही यात्रा देशभर ओळखली जाते ती घोडेबाजारामुळे. परंतु नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावांतून जी कुटुंबे तेथे जातात, त्यांतील फार थोड्यांना घोडा घ्यावयाचा असतो. मुलांचे लक्ष असते आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स आणि झोके घेणाऱ्या नावेकडे. खेळण्यांच्या या भागात व्यापाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट चटकन जाणवते. यात्रेचे मैदान कितीही विस्तीर्ण असले तरी पाळणेवाले एकमेकांपासून लांब जात नाहीत. एकाच्या शेजारी दुसरा, त्याच्यासमोर तिसरा, असे ते खेटून उभे राहतात. एकाने रोषणाई वाढविली की दुसरा पाळण्यांना नवा रंग देतो. एकाने भाडे उतरविले की दुसरा दोन फेऱ्या अधिक देतो.

वरवर पाहता हा व्यवहार तोट्याचा वाटतो. प्रत्येकाने मैदानाचा एकेक कोपरा धरला असता तर आपापल्या कोपऱ्यात प्रत्येकजण राजा झाला असता. पण एकट्या पाळण्याकडे गर्दी फिरकत नाही. जेथे निवडीला वाव असतो, तेथेच माणसे जमतात. नंदुरबारच्या मिरची बाजाराचे गणितही याहून वेगळे नाही. लाल मिरची घेऊन शेतकरी लांबून तेथे येतो, कारण तेथे बोली लावणारा एकच खरेदीदार नसतो. खरेदीदारांची ही दाटी प्रत्येकाचा नफा थोडा थोडा कापते आणि सगळ्यांचा धंदा मात्र वाढविते.

‘स्पर्धेमुळे सुधारणा होते’ हे वाक्य सर्वांना पाठ असते. ते खोटे नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे. स्पर्धा काही गोष्टी सुधारते, काहींना स्पर्शही करीत नाही, आणि त्या सुधारणेचा खर्च कोणत्या पैशातून होतो यावर सुधारणा करणाराच टिकतो की बुडतो हे ठरते. यात्रेतील पाळण्यांचे मोठे भावंड म्हणजे मनोरंजन उद्याने किंवा थीम पार्क. या उद्योगाचा इतिहास या तिन्ही गोष्टी लख्खपणे दाखवितो, आणि त्यातील एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रातच घडला आहे.

१९८४ मध्ये दिल्लीत अप्पूघर सुरू झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, मुंबईजवळ गोराई येथे एस्सेलवर्ल्ड उभे राहिले. त्यामागे हिसारकडील धान्यव्यापारी घराण्यातून आलेले सुभाष चंद्र होते. झी वाहिनी त्यांनी काढली ती त्यानंतर, १९९२ मध्ये. खाडी ओलांडून बोटीने जायचे, दिवसभर खेळायचे आणि संध्याकाळी पुन्हा बोटीने परतायचे, ही कल्पनाच त्या काळी अपूर्व होती. त्या उद्यानाच्या जाहिरातीचे गाणे १९९० च्या दशकातील मुलांच्या तोंडी बसले होते. खानदेशातून मुंबईला नातलगांकडे सुट्टीत गेलेल्या मुलांच्या यादीत राणीची बाग आणि चौपाटी यांच्या जोडीने हे तिसरे नाव आले. १९९८ मध्ये त्याच्याच शेजारी वॉटर किंगडम हे जलउद्यान सुरू झाले. ठाण्याच्या बाजूला टिकुजीनी वाडी आणि सूरज वॉटर पार्क होती; पण विस्ताराने आणि नावलौकिकाने गोराईची बरोबरी करणारे दुसरे ठिकाण मुंबई-पुण्याच्या टापूत बराच काळ नव्हते.

बरोबरीचा प्रतिस्पर्धी नसला म्हणजे मालक आळशी होतोच असे नाही. अडचण वेगळीच असते. ग्राहकाजवळ तुलनेचे माप नसते. रांग तास-दीड तासाची असेल तर रांग अशीच असते असे तो समजतो. उपाहारगृहात जे मिळेल ते खातो. त्याला तक्रार सुचत नाही आणि म्हणून ती मालकाच्या कानावरही जात नाही. गावात एकच दुकान असेल तर तेथील तूरडाळ चांगली की बरी, हे कोणी विचारीत नाही. दुसरे दुकान उघडले की पहिल्याच आठवड्यात विचारू लागतात.

ते दुसरे दुकान १८ एप्रिल २०१३ रोजी उघडले. चित्रपट व्यवसायात ‘अॅडलॅब्स’ हे नाव उभे करणारे मनमोहन शेट्टी यांनी रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ सुरू केले. आतापर्यंत भारतात ‘पाळण्यांची बाग’ होती. इमॅजिकाने परदेशी धर्तीचे, कथेभोवती गुंफलेले उद्यान आणले. ‘नायट्रो’ हा स्वित्झर्लंडच्या नामांकित कंपनीने बनविलेला रोलरकोस्टर आला. ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेला खेळ आला. गुजरातेत ज्याचे अवशेष सापडले आणि ज्याच्या शास्त्रीय नावात नर्मदेचे नाव आहे, त्या राजासॉरस या भारतीय डायनोसॉरवर आधारलेली जलसफर आली. नर्मदा ही नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या खोऱ्याच्या नावाचा प्राणी खोपोलीत मुलांना घाबरवू लागला, ही कल्पना गमतीची खरीच, आणि धंद्याच्या दृष्टीने चतुरही. परदेशी नमुना घ्यायचा, पण गोष्ट इथली सांगायची, हे त्यातील मर्म होते. पाठोपाठ २०१४ मध्ये जलउद्यान आणि नंतर हिमउद्यानही आले.

गोराईतही हालचाल झाली. पुढील काही वर्षांत तेथे पक्षी उद्यान सुरू झाले. ते इमॅजिकामुळेच झाले असे सिद्ध करता येणार नाही. परंतु एवढे निश्चित की मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला आता ‘तेथे काय आहे आणि येथे काय आहे’ असा प्रश्न विचारता येऊ लागला. सहलीचा विचार करणारे शिक्षक दोन्ही ठिकाणी चौकशी करू लागले. जैन कुटुंबे सहलीपूर्वी जे प्रश्न हमखास विचारतात, म्हणजे शाकाहारी स्वयंपाकघर वेगळे आहे का, कांदा-लसूण व कंदमुळांशिवाय जेवण मिळेल का, सूर्यास्तापूर्वी पान वाढले जाईल का, त्यांनाही अशा वेळीच वजन येते. ज्याच्यापाशी दुसरे दार असते, त्याच्याच अटी ऐकून घेतल्या जातात.

स्पर्धेचा हा चांगला परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो अमेरिकेतील ऑरलँडो शहरात. तेथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झाले. जवळजवळ वीस वर्षे त्या शहरात डिस्नेच्या तोडीचे कोणी नव्हते. १९९० च्या जून महिन्यात युनिव्हर्सल स्टुडिओ कंपनीने तेथे आपले उद्यान उघडले. डिस्नेने ही चाहूल आधीच ओळखली होती आणि चित्रपटनिर्मितीवर आधारित आपले तिसरे उद्यान १९८९ च्या मे महिन्यातच लोकांसमोर आणले होते. युनिव्हर्सलचा पहिला दिवस फजितीचा ठरला. मोठमोठी आकर्षणे एकामागून एक बंद पडली. ‘जॉज’ या शार्क माशाच्या चित्रपटावरील जलसफर तर काही महिन्यांतच बंद करून नव्याने बांधावी लागली. ती पुन्हा सुरू व्हायला १९९३ साल उजाडले. शेजारी डिस्नेसारखा शिस्तीचा व्यापारी नसता, तर बिघडलेली सफर तशीच ढकलत नेण्याचा मोह झाला असता. शेजारमुळे ते शक्य नव्हते.

त्याच युनिव्हर्सलने १८ जून २०१० रोजी हॅरी पॉटरचे जादुई जग उघडले. त्याचे वेगळेपण यंत्रात नव्हते. पुस्तकातील गाव, पुस्तकातील दुकाने, पुस्तकातील पेय, असे सगळे जसेच्या तसे उभे केले होते. मुलगा तेथे खेळण्यात बसण्यापूर्वीच गोष्टीत शिरत असे. या एका पावलाने ज्या उद्यानात २००९ मध्ये सुमारे ४६ लाख लोक आले होते, तेथे २०११ मध्ये सुमारे ७६ लाख लोक आले. येथे व्यापाऱ्याच्या मनात सहज प्रश्न येईल की हे तीस लाख लोक शेजारच्या डिस्नेकडून पळविले असतील. तसे झाले नाही. डिस्नेच्या मुख्य उद्यानात २००९ मध्येही सुमारे १ कोटी ७० लाख लोक आले होते आणि २०११ मध्येही तेवढेच. शेजाऱ्याच्या पाळण्याने गर्दी पळविली नव्हती. त्याने ती नव्याने आणली होती. तरीही डिस्ने स्वस्थ बसले नाही. २०११ मध्येच त्यांनी ‘अवतार’ चित्रपटावरील स्वतंत्र जगाची घोषणा केली आणि २०१७ मध्ये ते खुले झाले. २०१९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे आले. युनिव्हर्सलने २०२५ च्या मे महिन्यात आणखी एक संपूर्ण नवे उद्यान उघडून उत्तर दिले.

या दोन शेजाऱ्यांच्या चढाओढीत लक्ष देण्याजोगी बाब म्हणजे दोघेही ग्राहकाकडे पाहात होते. मुलाला काय आवडेल, आईवडील कोठे थकतात, रांगेत उभे राहण्याचा वेळ कसा वाचेल, हे त्यांचे प्रश्न होते. डिस्नेने १९९९ मध्ये ठरावीक वेळेची चिठ्ठी घेऊन रांग टाळण्याची सोय सुरू केली. युनिव्हर्सलनेही आपली वेगळी सोय केली. त्या चिठ्ठीत डोळे दिपविणारे काही नव्हते. पण चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन उन्हात उभ्या असलेल्या बापाला ती कोणत्याही नव्या खेळापेक्षा मोलाची वाटली असेल.

जेव्हा ग्राहकाऐवजी प्रतिस्पर्ध्याकडेच टक लावून पाहिले जाते, तेव्हा काय होते याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. ओहायो राज्यातील सीडर पॉइंट आणि सिक्स फ्लॅग्ज ही साखळी यांच्यात रोलरकोस्टरच्या उंचीची शर्यत लागली. १९८९ मध्ये सीडर पॉइंटने २०० फुटांची मर्यादा ओलांडली. २००० मध्ये ते ३१० फुटांवर गेले, तर २००३ मध्ये ४२० फुटांवर. २००५ मध्ये सिक्स फ्लॅग्जने न्यू जर्सी येथे ४५६ फुटांचा ‘किंगडा का’ उभारून जगातील सर्वांत उंच कोस्टरचा मान मिळविला. ३६ फुटांनी शेजाऱ्याला मागे टाकले, याचा आनंद निश्चितच झाला असेल. परंतु एवढ्या उंचीवर गाडी नेणारी यंत्रणा नाजूक असते आणि वारंवार बंद राहते. सीडर पॉइंटचा ४२० फुटी कोस्टर २०२१ मधील एका अपघातानंतर बंद ठेवावा लागला आणि नव्या रूपात आणावा लागला. ‘किंगडा का’ २०२४ मध्ये कायमचा बंद झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला गेला. त्याच्या आधीच, १ जुलै २०२४ रोजी, सीडर पॉइंटची मालक कंपनी आणि सिक्स फ्लॅग्ज यांचे विलीनीकरण झाले होते. ज्याला मागे टाकण्यासाठी मनोरा उभारला, तोच भागीदार झाला, आणि मनोरा राहिला नाही.

शेजाऱ्याच्या पाटीहून आपली पाटी मोठी हवी, शेजाऱ्याने काच लावली म्हणून आपणही लावावी, या वृत्तीचे दर्शन व्यापारी पेठांत नवे नाही. पाटी मोठी झाल्याने गिऱ्हाईक वाढले का, हा प्रश्न पाटी लावण्यापूर्वी विचारायचा असतो.

आता पुन्हा खोपोलीकडे वळावे लागेल, कारण सुधारणेचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तेथेच निर्णायक ठरला. इमॅजिका उभारण्यास १,६०० कोटी रुपयांच्या घरात खर्च आल्याचे त्या काळी सांगितले जात होते आणि त्यातील मोठा हिस्सा बँकांच्या कर्जाचा होता. उद्यान देखणे होते, खेळ जागतिक दर्जाचे होते, ग्राहक परत जाताना खूष होता. तरीही हिशेब जुळत नव्हता. याचे कारण उद्यानाच्या दर्जात नसून त्याच्या भांडवलाच्या रचनेत होते. मनोरंजन उद्यानाची कमाई शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. कोकणपट्टीच्या मुसळधार पावसात गर्दी ओसरते, परीक्षांच्या दिवसांत शुकशुकाट असतो. व्याज मात्र वर्षाचे ३६५ दिवस चढते; त्याला ना पावसाळा असतो, ना परीक्षा. शिवाय पहिल्या दिवशीच सर्व भांडवल ओतले गेल्यामुळे ग्राहकाने जे सांगितले त्यानुसार दुसऱ्या वर्षी बदल करायला हातात पैसा उरत नाही.

करांचीही भर पडली. १ जून २०१५ पासून अशा उद्यानांच्या प्रवेशावर सेवाकर आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा प्रवेश तिकिटावर २८ टक्के दर होता. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आणला गेला. एवढ्यात २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि देशातील सर्व उद्यानांची दारे बंद झाली. गोराईच्या एस्सेलवर्ल्डचीही त्यानंतर पूर्वीची रया परत आली नाही. इमॅजिकाचे कर्ज तर टाळेबंदीपूर्वीच थकीत झाले होते.

याच काळात दक्षिणेत दुसऱ्या एका उद्योजकाने निराळी वाट धरली होती. केरळातील कोचौसेफ चिट्टिलाप्पिळ्ळी यांनी १९७७ मध्ये विजेचे स्टॅबिलायझर बनविणारी व्ही-गार्ड कंपनी काढली. त्यांनी २००० मध्ये कोची येथे वीगालँड हे उद्यान सुरू केले. केरळात तेव्हा स्पर्धेची उणीव नव्हती. मलमपुळा येथे फॅन्टसी पार्क होते, अतिरापल्लीच्या धबधब्याच्या रस्त्यावर सिल्व्हर स्टॉर्म आणि ड्रीम वर्ल्ड होते. या दाटीत राहून ते शिकत गेले. पाच वर्षांनी, २००५ मध्ये, बंगळूरला दुसरे उद्यान काढले आणि त्याला वंडरला हे नाव दिले. कोचीच्या उद्यानानेही पुढे तेच नाव घेतले. आपल्या खेळांपैकी बरेचसे ते स्वतःच्या कारखान्यात बनवीत. २०१४ मध्ये कंपनीचे समभाग लोकांना विकून भांडवल उभे केले आणि हैदराबादचे उद्यान २०१६ मध्ये सुरू झाले. भुवनेश्वरचे २०२४ मध्ये आले. एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानापर्यंत जायला त्यांनी वर्षे घेतली. टाळेबंदीत त्यांचीही दारे बंद होती, उत्पन्न शून्यावर आले होते. परंतु डोक्यावर कर्जाचे ओझे नसल्यामुळे त्यांना बंद दारामागे थांबता आले. एकाच संकटाने एकाला लोळविले आणि दुसऱ्याला नुसते थांबविले, यातील अंतर केवळ ताळेबंदाच्या उजव्या-डाव्या बाजूंचे होते.

इमॅजिकाच्या कथेचा शेवट मात्र बुडण्याने झाला नाही. लोणावळ्याजवळ, म्हणजे त्याच घाटाच्या माथ्यावर, ‘वेट अँड जॉय’ हे जलउद्यान होते. ते संगमनेरच्या मालपाणी या जुन्या व्यापारी घराण्याचे. शिर्डीतही याच समूहाचे जलउद्यान आणि ‘साईतीर्थ’ हे भक्तिपर थीम पार्क होते. इमॅजिकाच्या मानाने यांचा पसारा लहान, गाजावाजा कमी. शिर्डीला दर्शनासाठी आलेल्या कुटुंबाचा उरलेला अर्धा दिवस कोठे जाईल, एवढा साधा प्रश्न त्यांनी सोडविला होता. २०२२ च्या जून महिन्यात बँकांनी आपल्या येण्यावर मोठे पाणी सोडून कर्जाची फेररचना केली आणि इमॅजिकाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा मालपाणी समूहाकडे आला. पुढे लोणावळा आणि शिर्डी येथील उद्यानेही त्याच कंपनीच्या छत्राखाली आणण्यात आली. घाटमाथ्यावरच्या लहान शेजाऱ्याने पायथ्याचा मोठा वाडा घेतला. ज्याच्या हाती रोकड होती, त्याला दुसऱ्याचे स्वप्न पडत्या किमतीत मिळाले.

यात दोष कोणाच्या स्वप्नाचा नव्हे. इमॅजिकाने महाराष्ट्रातील ग्राहकाची अपेक्षा जी उंचावली ती आता खाली येणार नाही, आणि ते श्रेय पहिल्या मालकाचेच राहील. व्यापाराच्या इतिहासात असे वारंवार घडते की नवी वाट पाडणारा एक असतो आणि त्या वाटेवर गाडी हाकणारा दुसरा. पहिल्याने कर्ज अंगावर न घेता ती वाट पाडली असती, तर गाडीही त्यालाच हाकता आली असती.

परंतु ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. काल जे घाटाच्या वर आणि खाली एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, ते आज एका मालकाचे आहेत. आता सुधारणेची टोचणी कोण देणार? सीडर पॉइंट आणि सिक्स फ्लॅग्ज यांच्याबाबतही हाच प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर असे की प्रतिस्पर्धी नाहीसा होत नाही. तो रूप बदलतो. कुटुंबाची सुट्टी आणि खिसा यांवर हक्क सांगणारे अनेक आहेत. मॉल आहेत, रिसॉर्ट आहेत, सर्वांत वरचढ म्हणजे मुलाच्या हातातील मोबाईल आहे. दुसरे उत्तर अधिक कठीण आहे. ज्याला शेजारी नाही, त्याने गतवर्षीच्या स्वतःलाच शेजारी मानावे लागते. मागील मे महिन्यात रांग किती वेळ होती, किती तक्रारी आल्या, एकदा येऊन गेलेले किती जण पुन्हा आले, याची वही ठेवावी लागते. प्रतिस्पर्धी हा न नेमलेला आणि बिनपगारी हिशेब तपासनीस असतो. तो गेला की ते काम मालकाला स्वतः करावे लागते, आणि बहुतेकांना ते जड जाते.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. स्पर्धा सुधारते ते ग्राहकाला दिसते तेवढेच. रोषणाई दिसते, भाडे दिसते, रांग दिसते, जेवणाची चव कळते. पाळण्याचा खिळा, वेल्डिंगचा जोड, ब्रेकची झीज, पहाटे केलेली तपासणी दिसत नाही. जे दिसत नाही, त्यावर ग्राहकाला निवड करता येत नाही. आणि जेथे निवड नाही, तेथे स्पर्धेचा लाभही नाही. उलट तेथे स्पर्धा घातक ठरू शकते. भाडे पाच रुपयांनी उतरविणारा ती तूट कोठून भरून काढतो? खिळ्यातून, जोडातून, तपासनीसाच्या पगारातून भरून काढण्याचा मोह त्याला होतो. जत्रांतील पाळणे कोसळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून पाळण्यांच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोने नियम घालून दिले आहेत आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेवर तपासणीची जबाबदारी असते. तरीही प्रत्येक खिळ्यापाशी सरकारी माणूस उभा राहू शकत नाही. तेथे मालकाची नियतच उभी असावी लागते.

हा मुद्दा पाळण्यांपुरता नाही. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळलेली मिरची कुटून पुडीत भरली की तिचा रंग गिऱ्हाइकाला दिसतो. तो रंग मिरचीचा आहे की डब्यातला, हे दिसत नाही. दोन मसालेवाल्यांच्या चुरशीत पुडीचा भाव उतरतो, वेष्टन आकर्षक होते, घरपोच सेवा मिळते. पुडीच्या आतली शुद्धता मात्र चुरशीने वाढत नाही. ती ज्याची त्याने राखावी लागते. व्यापारी घराण्यांची जुनी पत याच न दिसणाऱ्या भागावर उभी राहिलेली आहे. कोरीटच्या दुकानदाराकडून तीन पिढ्या माल नेणारे घर भावासाठी येत नाही. भाव तर नंदुरबारच्या मोठ्या दुकानात आणि आता मोबाईलवरही कमी मिळतो. ते येते, कारण जे तपासता येत नाही ते येथे कोणीतरी तपासलेले असते, असा त्याचा विश्वास असतो.

आज खानदेशातील अनेक व्यापारी घरांत एक वाद रोज रात्री जेवणानंतर रंगतो. शिकून आलेला मुलगा म्हणतो की समोर मोठे दुकान आले आहे, आता कर्ज काढून आपलेही वाढविले पाहिजे. वडील म्हणतात की इतकी वर्षे चालले तसे चालू दे. दोघेही अर्धे बरोबर आहेत. समोरच्या दुकानाने मुलाला जागे केले, हा स्पर्धेचा उपकार आहे, आणि वडिलांनी तो नाकारू नये. समोरच्याकडे रांग लवकर सरकते का, बिल स्पष्ट मिळते का, बदलून देताना कुरकुर होत नाही का, हे वडिलांनी एकदा गिऱ्हाईक होऊन पाहावे. यातील बहुतेक गोष्टी सुधारण्यास कर्ज लागत नाही, सवय बदलावी लागते. ज्यासाठी खरोखर भांडवल लागेल त्यासाठी मुलाने एकच हिशेब मांडावा: सर्वांत मंद महिन्यात, म्हणजे पेरण्यांनंतर हाती पैसा नसलेल्या आषाढात, जी विक्री होते तिच्यातून घरखर्च काढून हप्ता निघतो का? निघत असेल तर कर्ज घ्यावे. दिवाळीच्या विक्रीवर हप्ता बेतला असेल तर ते कर्ज इमॅजिकाच्या जातीचे आहे, मग रक्कम १,६०० कोटी असो की १६ लाख.

आणि समोरचे दुकान बंद पडावे अशी इच्छा कोणीही धरू नये. ते बंद पडले तर गल्लीत येणारी पावलेच कमी होतात.